मिडल-अर्थमधल्या भाषा मराठीत सांगायच्या कशा? पिपिन डेनेथॉरला 'तू' म्हणेल का?

रात्रीची_गोष्ट

नमस्कार मंडळी. मुलगी दहा वर्षांची आहे आणि रोज रात्री तिला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सांगतोय. पुस्तक इंग्रजी आहे पण मी वाचता वाचता डोक्यातल्या डोक्यात मराठी करत बोलतो, कारण तिला इंग्रजी येत असलं तरी झोपतानाची गोष्ट तिला मराठीतच लागते. आत्ता आम्ही रिव्हेंडेलला एल्रॉन्डच्या सभेपर्यंत आलोय.

परवा तो प्रसंग झाला जिथे जादूगार गॅन्डाल्फ दुष्ट सॉरॉनच्या अंगठीवरचा मजकूर मूळ भाषेत म्हणून दाखवतो, त्याचा आवाज बदलतो, उन्हावर सावली आल्यासारखं होतं आणि एल्फ कान झाकून घेतात. मुलगी म्हणाली, "बाबा, ह्याचा अर्थ तर त्याने फ्रोडोला घरी बसून आधीच सांगितला होता ना, तेव्हा कोणी घाबरलं नाही, मग आत्ताच का?" प्रश्न एकदम बरोबर आहे आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं ती वाईट भाषा आहे. ती म्हणाली भाषा कशी वाईट असेल, बोलणारा वाईट असतो. आता ह्यावर काय बोलणार.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय की ह्या जगात इतक्या भाषा आहेत, एल्फांच्या क्वेन्या आणि सिंडारिन, खाणीत राहणाऱ्या बुटक्या ड्वार्फांची, रोहानच्या घोडेस्वारांची, पण वाचताना मी त्या सजावट समजून पुढे जात होतो. कोणती भाषा कोण कधी बोलतो ह्याला खरंच अर्थ आहे का? आणि दुसरी व्यवहारातली अडचण म्हणजे तू-तुम्ही. इंग्रजीत सगळं 'यू', मला प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतं. नोकर सॅम मालक फ्रोडोला काय म्हणेल? पुढे पिपिन, फ्रोडोसारखाच शायरमधला हॉबिट म्हणजे बुटका माणूस, गोंडोरचा राज्यपालक डेनेथॉर ह्याच्यासमोर उभा राहतो तिथे तर मी अडकणारच आहे. ज्यांनी शेवटची परिशिष्टं वगैरे नीट वाचलीयत त्यांनी सांगा प्लीज. आणि हो, दोन-तीन दिवसांत मोरियाचं दार येतंय, तिथलं कोडं मराठीत कसं करू तेही सुचवा.

---

शब्दवेडी

दादा, तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या आधी.

सजावट नाहीये ती, उलट आहे. पुस्तकाचे लेखक टॉल्किन पेशाने भाषांचे प्राध्यापक, १९२५ पासून ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवायचे, त्याआधी १९१९-२० मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीसाठी डब्ल्यूच्या शब्दांवर काम केलेलं. क्वेन्याचा पहिला शब्दकोश त्यांनी १९१५ च्या सुमारास करायला घेतला, म्हणजे पुस्तक १९५४-५५ ला आलं त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी! त्यांनी स्वतः पत्रात लिहून ठेवलंय की भाषा हा पाया आहे आणि गोष्टी त्या भाषांना राहायला जग मिळावं म्हणून झाल्या. कॉलेजात असताना त्यांना फिनिश भाषेचं व्याकरण लायब्ररीत सापडलं आणि ते वेडावले, क्वेन्याचा नाद तिथून येतो, आणि सिंडारिनचा वेल्शमधून.

आता मुलीचा प्रश्न. अंगठीवरची ती काळी भाषा कोणाच्या आईने पोराला शिकवलेली भाषा नाहीये. सॉरॉनने ती बसून बनवली, का तर त्याच्या सगळ्या चाकरांनी एकच भाषा बोलावी, त्याची. म्हणजे हुकमासाठीच तयार झालेली भाषा. आणि अंगठीवरचे शब्द हे वर्णन नाहीये, ज्या शब्दांनी तो सगळ्यांना बांधायला निघाला ते शब्द आहेत. घरी बसून गॅन्डाल्फने फ्रोडोला त्यांचा अर्थ फ्रोडोच्याच भाषेत सांगितला होता, सभेत तो प्रत्यक्ष ते शब्द उच्चारतो, आणि रिव्हेंडेलमध्ये आजवर कोणी ती भाषा उच्चारायची हिंमत केली नव्हती असं एल्रॉन्ड म्हणतो. ज्या एल्फांनी अंगठ्या घडवल्या त्यांना हे शब्द ऐकू आले त्या क्षणी कळलं होतं की आपली फसवणूक झालीय, म्हणजे ती जुनी जखम आहे. तुमची मुलगी म्हणते ते बरोबरच, भाषा वाईट नसते, पण ही एक अशी आहे की जिला बोलणाऱ्याच्या इच्छेपलीकडे आयुष्यच नव्हतं.

आणि तिला हेही सांगा की सॉरॉनचा तो बेत फसला! त्याच्या चाकरीतल्या ऑर्क लोकांनी त्या भाषेतले शब्द उचलले, जसं 'घाश' म्हणजे आग, पण प्रत्येक टोळीची बोली इतकी वेगळी झाली की एकमेकांशी बोलायला त्यांना सगळ्यांची सामायिक भाषा वापरावी लागायची. पुढे पिपिनला ऑर्क पकडून नेतात तेव्हा त्यांचं बोलणं त्याला समजतं ते ह्याच कारणाने, आणि तो जगतो त्यात त्या समजण्याचा वाटा आहे.

एक आठवलं म्हणून सांगते, एका वाचकाने टॉल्किनना स्टीलचा पेला भेट पाठवला, त्यावर अंगठीवरचे तेच शब्द कोरलेले. त्यांनी त्यातून कधी काही प्यायलं नाही, तंबाखूची राख झाडायला वापरला. स्वतःच बनवलेले शब्द, पण त्यांच्यासाठी ते खरे होते.

---

पंचगंगाकाठ

तू-तुम्हीचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते तुम्हाला फार आवडणार बघा.

परिशिष्ट 'एफ' काढा. त्यात सरळ लिहिलंय की त्या लोकांच्या मूळ भाषेत, म्हणजे वेस्ट्रॉन ह्या सगळ्यांच्या सामायिक भाषेत, आदराचं आणि जवळिकीचं असे दोन प्रकार होतेच, आपल्या तू आणि तुम्हीसारखे. इंग्रजीत ते दाखवता येत नाही म्हणून गेले. पण शायरमधल्या हॉबिटांच्या रोजच्या बोलण्यातून आदरार्थी रूप नाहीसंच झालं होतं, सगळे सगळ्यांना तू. त्यामुळे पिपिन गोंडोरच्या राजधानीत, मिनास तिरिथला, गेल्यावर पहिले काही दिवस लहानमोठ्या सगळ्यांना, खुद्द डेनेथॉरलासुद्धा, तू म्हणून बोलत होता! म्हाताऱ्या डेनेथॉरला त्याची गंमत वाटली असेल पण त्याचे नोकर थक्क झाले असणार. आणि गावभर बातमी पसरली की हा बुटका पाहुणा त्याच्या देशाचा राजपुत्र आहे, तर ती पसरायला हे तू-तू करणं कारणीभूत. जो इथल्या राज्यपालकाला एकेरी बोलतो तो केवढा मोठा असला पाहिजे, असा लोकांचा हिशोब.

आता बघा, इंग्रजीत वाचणाऱ्याला हे सगळं परिशिष्टात जाऊन शोधावं लागतं. तुमच्या मुलीला ते वाक्यावाक्यात ऐकू येणार. डेनेथॉर सिंहासनाखालच्या त्या काळ्या खुर्चीत बसलाय, सगळं दरबारी वातावरण, आणि हा छोटासा पोरगा "तुझा मुलगा माझ्यासाठी मेला" असं म्हणतोय. बोरोमीरबद्दल. मला तर नुसतं लिहितानाच भरून आलं. तिथे 'आपले चिरंजीव' केलंत तर सगळं गेलं. आपण आईला तू म्हणतो, विठ्ठलाला तू म्हणतो, मराठी माणसाला तू मधला सगळा पसारा माहीत असतो, अपमान पण आणि माया पण.

त्याच परिशिष्टात अजून एक आहे, की शायरच्या वेस्टफार्दिंग भागातल्या खेड्यांत ते आदरार्थी रूप टिकून होतं पण लाडाने बोलायला. हे वाचून मी एकटाच हसलो, कारण आमच्या आजी शाळेतून आल्यावर मला "या पाव्हणं, बसा, काय खाणार" असंच म्हणायच्या.

सॅमचं मात्र मला सांगता येत नाही. नियमाप्रमाणे सॅम पण तू म्हणेल, पण 'मिस्टर फ्रोडो, तू' हे माझ्या तोंडी येत नाही. मी असतो तर 'फ्रोडोदादा, तू' केलं असतं.

---

जुनं_पान

पंचगंगाकाठ, सुंदर. ह्यात एक जोड देतो. टॉल्किननी एक-दोन ठिकाणी इंग्रजीतलं जुनं 'दाऊ' वापरून तो फरक दाखवायचा प्रयत्न केलाय. डनहॅरोला पुढे राजा होणारा अ‍ॅरागॉर्न मृतांच्या वाटेने निघतो तेव्हा रोहानच्या राजाची भाची एओविन त्याला अडवते, आधी 'यू' म्हणणारी ती शेवटी शेवटी 'दाऊ'वर येते. आणि तो मात्र 'यू'वरच राहतो. मराठीत करा, ती तुम्हीवरून तूवर येते आणि तो तिला तुम्हीच म्हणत राहतो. प्रेम सांगून झालं आणि नकारही देऊन झाला, दोन्ही सर्वनामांत. दहा वर्षांच्या मुलीला सुद्धा हे समजावून सांगावं लागणार नाही, ती आपोआप गप्प होईल तिथे.

आता मूळ प्रश्न, कोणती भाषा कधी. क्वेन्या आणि सिंडारिन ह्या दोन एल्फभाषांचं नातं कळलं की अर्ध्या गोष्टीचा उलगडा होतो. क्वेन्या ही समुद्रापलीकडच्या पवित्र भूमीत राहिलेल्या एल्फांची. सिंडारिन ही मिडल-अर्थमध्येच मागे राहिलेल्यांची. मग नोल्डोर नावाचे एल्फ बंड करून परत आले, आणि येताना त्यांनी आल्क्वालोंदे बंदरात आपल्याच नातलगांना जहाजांसाठी मारलं. ही गोष्ट बरीच वर्षं लपवली गेली. सिंडारिन बोलणाऱ्यांचा राजा थिंगोल, मारले गेलेले लोक त्याच्या भावाचे. त्याला कळलं तेव्हा त्याने सैन्य नाही पाठवलं, भाषा बंद केली. माझ्या राज्यात क्वेन्या कोणी बोलायची नाही आणि कोणी बोललं तर उत्तर द्यायचं नाही, बोलेल तो नातलगांचा खुनी समजला जाईल. तेव्हापासून नोल्डोर रोज सिंडारिन बोलायला लागले आणि क्वेन्या विद्येची, विधींची, शपथेची भाषा उरली. ती सुंदर वाटते, उंच वाटते, पण ती रोजच्या ओठांवरून गेली ती एका गुन्ह्यामुळे.

म्हणून फ्रोडो आणि सोबती एल्फांच्या लोरियन वनातून निघताना तिथली स्वामिनी गॅलाड्रिएल निरोपाचं गाणं क्वेन्यात गाते ते मला अजून वाचवत नाही. ती त्या पवित्र भूमीत जन्मलेली, आणि परत जायची वाट तिला बंद आहे. हजारो वर्षं ती सिंडारिन बोलणाऱ्या नवऱ्याबरोबर, त्याच्या लोकांत राहिलीय, आणि आता आपल्या माहेरच्या भाषेत गातेय. फ्रोडोला शब्द तेव्हा कळत नाहीत पण ते त्याच्या मनात कोरले जातात. टॉल्किननी हे गाणं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलंय १९५२ मध्ये, एका मित्राच्या घरच्या टेपरेकॉर्डरवर. मिळालं तर मुलीला ऐकवा, मराठी करू नका त्याचं, तसंच ऐकवा.

माणसांच्या बाबतीतही तेच झालं. नूमेनोर बेटावर लोक घरी अदूनाइक बोलायचे, ती त्यांची स्वतःची, पण राजांची नावं क्वेन्यात असायची. मग एल्फांविषयी मत्सर वाढला तसा एका राजाने मुद्दाम अदूनाइक नाव घेतलं, आर-अदूनाखोर, आणि त्याच्या काळात एल्फभाषा शिकवणं बंद झालं. ज्यांना ती सोडायची नव्हती ते चोरून जपत राहिले. आणि मला सगळ्यात माणसासारखी वाटलेली गोष्ट म्हणजे राजवंशाच्या पटात ह्या राजाचं नाव तरीही क्वेन्यातच लिहिलं गेलं, कारण जुनी चाल पुरती मोडली तर काही अरिष्ट येईल ही भीती त्यालाही होती.

बेट बुडालं. एल्फभाषा जपणाऱ्यांचा पुढारी एलेन्डिल वाचून किनाऱ्याला लागला आणि त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते क्वेन्यात, समुद्रातून मी ह्या भूमीवर आलोय, इथे मी आणि माझे वंशज जगाच्या अंतापर्यंत राहू. ज्या भाषेवर त्याच्या देशात बंदी होती त्या भाषेत! तीन हजारांवर वर्षांनी राज्याभिषेकाला अ‍ॅरागॉर्न मुकुट हातात धरून तेच वाक्य म्हणतो. वाचताना आपण ते संस्कृत मंत्रासारखं ओलांडून जातो. थांबायला हवं तिथे.

---

रात्रीची_गोष्ट

बापरे. मी हे सगळं आजवर ओलांडून गेलो होतो. धन्यवाद सगळ्यांना.

म्हणजे अदूनाइक संपली का मग बेटाबरोबर? फ्रोडो बोलतो ती वेस्ट्रॉन कुठून आली?

---

जुनं_पान

नाही संपली, तीच वेस्ट्रॉन. नूमेनोरी लोकांनी किनाऱ्यावर बंदरं वसवली होती, तिथे अदूनाइकमध्ये स्थानिक माणसांचे शब्द मिसळून व्यवहाराची भाषा झाली, पुढे त्यात एल्फभाषेतले शब्द आले आणि ती सगळ्यांची झाली. म्हणजे ज्या राजांनी गर्वाने एल्फभाषा हाकलली त्यांच्या भाषेची नात आज शायरच्या पबमध्ये बसून बिअरवर गप्पा मारतेय. गर्व बुडाला, भाषा राहिली.

---

तीन_पिढ्या

टोरांटोहून लिहितेय. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे आणि थोडा वैयक्तिक पण आहे.

हॉबिटांची स्वतःची भाषा काय होती? ती हरवली. ते जिथे जिथे राहिले तिथल्या माणसांची बोली उचलत गेले आणि वेस्ट्रॉन आल्यावर जुनी विसरली, फक्त काही महिन्यांची नावं, दिवसांची नावं, गावांची नावं, थोडे घरगुती शब्द उरले. पिपिनचा मित्र मेरी, तोही हॉबिट, रोहानमध्ये जातो तेव्हा तिथल्या लोकांची बोली ऐकताना त्याला वाटतं की ह्यातले पुष्कळ शब्द मला माहितीयत, शायरपेक्षा भरदार आणि ठसठशीत उच्चारलेत, पण जोडून अर्थ लागत नाही. माझा मुलगा इथे जन्मला, तो पुण्याला आजोळी गेला की अगदी असाच बसलेला असतो मोठ्यांच्या गप्पांमध्ये. शब्द ओळखीचे, चेहऱ्यावर हसू, आणि अर्थ जरा पुढे निसटलेला. मी तो परिच्छेद त्याला वाचून दाखवला तर तो म्हणाला "आई, हे मला होतं".

आणि अजून एक. टॉल्किनच्या कल्पनेत हे सगळं पुस्तक वेस्ट्रॉनमधून इंग्रजीत केलेलं भाषांतर आहे, म्हणून फ्रोडोचं नाव सुद्धा फ्रोडो नाही, मौरा आहे, मौरा लाबिंगी. सॅम म्हणजे बनाझीर. पुरुषांची नावं तिकडे आकारान्त, बिल्बो मुळात बिल्बा, इंग्रजांना ते बाईचं नाव वाटेल म्हणून शेवट बदलला. मला हे कळलं तेव्हा विचित्र दुःख झालं, ज्यांना मी इतकी वर्षं ओळखते त्यांना मी खऱ्या नावाने कधी हाकच मारली नाही. इथे माझ्या नावाचं पण चार प्रकारे होतं.

---

सातपुडा_रेंज

ह्या भाषांतराच्या गोष्टीवरून एक सुचवतो. टॉल्किनने वेस्ट्रॉनच्या जागी आजची इंग्रजी घेतली आणि रोहानच्या भाषेच्या जागी जुनी इंग्रजी, कारण दोन्हींमधलं नातं तसंच आहे. उत्तरेकडच्या माणसांच्या भाषेच्या जागी नॉर्स, म्हणून ड्वार्फांची बाहेर वापरायची नावं जुन्या नॉर्स कवितेतली. तर मराठीत आणताना वेस्ट्रॉन = आजची मराठी धरली तर रोहानची नावं आणि बोलणं ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत करायला काय हरकत आहे? शब्द ओळखीचे, अर्थ लगेच लागत नाही, तीन_पिढ्या ताई म्हणतात तेच. १२९० ची मराठी आपल्या कानाला अगदी तशी लागते.

---

शब्दवेडी

कल्पना गोड आहे पण मला पटत नाही सातपुडा. नात्यापुरतं बरोबर, पण जुनी मराठी कानावर पडली की मराठी माणसाच्या डोळ्यापुढे आळंदी, पैस, ओवी येते. तिथे घोडे कसे येणार? रोहानचे लोक लिहीत नाहीत, पुस्तकं नाहीत, गाणी आहेत फक्त. आणि त्यांची राजाविषयीची नाराजी पण भाषेचीच आहे बघा, रोहानचा राजा थिओडेन, त्याचा बाप गोंडोरला राहून आला आणि राजवाड्यात गोंडोरची भाषा बोलायला लागला, सगळ्यांना ते रुचलं नव्हतं असं स्पष्ट लिहिलंय. मी तरी नावं तशीच ठेवीन आणि फक्त बोलण्याची लय बदलीन, पोवाड्यासारखी, छोटी वाक्यं, ठोक.

---

सातपुडा_रेंज

पोवाड्याची लय... हो, हे जास्त बरं आहे. मान्य.

---

आजीचं_पानी

मी सहसा लिहीत नाही इथे, पण भाषेचा आणि नात्यांचा विषय निघालाय म्हणून.

फेआनोर हा एल्फांतला सगळ्यात हुशार कारागीर, ज्याने ती सुंदर लिपी बनवली. त्याची आई मिरिएल, तिचं टोपणनाव थेरिंदे, ती त्याच्या जन्मानंतर खचून गेली आणि तिने जगणंच सोडलं. बापाने दुसरं लग्न केलं. पुढे त्या लोकांच्या बोलण्यात बदल झाला आणि 'थ'सारखा एक उच्चार होता तो 'स' झाला, सगळे सेरिंदे म्हणायला लागले. फेआनोर हट्टाला पेटला, मी 'थ'च म्हणणार, माझ्या आईने तिचं नाव असंच उच्चारलं होतं. सावत्र आई आणि भाऊ 'स' म्हणायचे तर त्याला तो आईचा अपमान वाटायचा. घर फुटलं त्यातला हा एक धागा. हे मूळ पुस्तकात नाहीये, टॉल्किन गेल्यानंतर त्यांच्या मुलाने कागदपत्रं छापली त्यात १९९६ साली आलं.

माझी आजी पानी म्हणायची, लोनी म्हणायची, कोन आलंय म्हणायची. शाळेत मी तसं बोललो तर वर्गासमोर उभं करून 'ण' म्हणायला लावला होता, आणि मी घरी येऊन आजीला सुधारायला लागलो. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याशी कमी बोलायला लागली. ती गेली २००९ ला. फेआनोर पुढे फार वाईट वागला, जहाजं जाळली, रक्त सांडलं, ते मला ठाऊक आहे, पण त्या एका 'थ'साठी मी त्याला कधी दोष देऊ शकलो नाही.

---

पंचगंगाकाठ

मित्रा. वाचलं. माझ्या आज्जीचं पण तसंच, आम्ही पण तसंच बोलतो अजून घरी.

---

शब्दवेडी

आजीचं_पानी, हे लिहिलंत बरं झालं. ह्याच्या अगदी उलटा प्रसंग म्हणून फ्रोडोबरोबरच्या गिमली ह्या ड्वार्फाचा सांगते, तुम्हालाही आवडेल.

ड्वार्फांची भाषा खुझ्दुल. ती ते परक्याला शिकवत नाहीत, आपली खरी नावं तर इतकी जपतात की स्वतःच्या थडग्यावरसुद्धा कोरत नाहीत, गिमली, बालिन ही सगळी बाहेर वापरायची नावं. म्हणजे ज्यांच्याकडे घर राहिलं नाही त्यांनी भाषेलाच तिजोरी केलं. आता लोरियनमध्ये गिमली पोचतो, ज्या एल्फांशी वैर त्यांच्या दरबारात, डोळे बांधून आणलेला, नवराराजा त्याला जवळपास दोष देऊन बोललेला. आणि गॅलाड्रिएल मधे बोलते, तुमच्या त्या तळ्याचं पाणी गडद आहे, झरा गार आहे, आणि ती तळ्याचं, झऱ्याचं, त्यांच्या हरवलेल्या घराचं म्हणजे खजाद-दूमचं नाव खुझ्दुलमध्ये घेते. मोरिया नाही म्हणत, कारण मोरिया हे एल्फांनी दिलेलं नाव, काळा खड्डा असा त्याचा अर्थ. गिमली वर बघतो, तिची नजर त्याला भेटते, आणि त्याला शत्रूच्या हृदयात प्रेम दिसतं. त्यानंतर तो आयुष्यभर तिचा. तीन-चार शब्द फक्त, पण त्याचे.

दादा, हे वाचताना ती नावं पुसट करू नका, हळू आणि स्पष्ट म्हणा.

---

जुनं_पान

लिपीचा विषय निघाला म्हणून. फेआनोरच्या तेंग्वार लिपीचा तक्ता मराठी मुलीला दाखवाच, तिला वर्गातला वर्णमालेचा तक्ता आठवेल. चोवीस मुख्य अक्षरं, चार उभ्या रांगा उच्चारस्थानाप्रमाणे, सहा आडव्या रांगा उच्चाराच्या प्रकाराप्रमाणे. दंत्य रांगेत वरून खाली त, मग द, मग घर्षणाचे दोन, मग न. आपल्या त थ द ध न ची बहीणच जणू. कुठून घेतलं वगैरे म्हणत नाहीये मी, ज्याला ध्वनी कळतात तो असाच मांडणार. वर आणि हे की आकारसुद्धा नियमाने बदलतो, पोट दुप्पट केलं की त चा द. आणि स्वर अक्षराच्या डोक्यावर, मात्रेसारखे. इंग्रज मुलाला हे नवीन शिकावं लागतं, आपल्या पोरांना घरचं वाटतं.

---

पंचगंगाकाठ

घरचं म्हणालात म्हणून अजून एक, हे राहिलंच होतं. सुरुवातीला फ्रोडो रानात गिल्डोर नावाच्या एल्फाला क्वेन्यात नमस्कार करतो, एलेन सीला लूमेन्न् ओमेंतिएल्व्हो, आपल्या भेटीच्या घडीवर तारा चमकतोय. तर क्वेन्यात 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, मराठीसारखेच! इंग्रजीत दोन्हीला 'अवर'. ह्या शेवटच्या शब्दातला 'ल्व्ह' म्हणजे आपल्या, ऐकणाऱ्याला धरून. 'ल्म' असता तर आमच्या. आणि पहिल्या आवृत्तीत तो शब्द खरंच ओमेंतिएल्मो छापला होता, नंतर टॉल्किननी बदलून ल्व्हो केला. एका अक्षरासाठी. इंग्रजी वाचकाला फरक समजावून सांगावा लागतो, आपल्याला सांगायची गरज नाही, परक्याला पहिल्या भेटीत 'आपली भेट' म्हणणं म्हणजे काय ते आपल्याला माहितीय. हे तुम्ही मुलीला वाचून झालं असेल, पण मागे जाऊन परत सांगा.

---

रात्रीची_गोष्ट

काल मागे गेलो. गिल्डोरचा प्रसंग परत वाचला, मी आधी "आमच्या भेटीच्या वेळी" असं काहीतरी म्हणून गेलो होतो. आता 'आपल्या' म्हटलं. तिने दोनदा म्हणून बघितलं आणि विचारलं की मग फ्रोडोला एल्फांची भाषा येत होती का, मी म्हटलं बिल्बोने शिकवली होती थोडी, तर म्हणाली मला पण शिकव.

उद्या मोरियाचं दार. गॅन्डाल्फ आधी 'बोल मित्रा आणि आत ये' असा अर्थ लावून तासन्‌तास मंत्र म्हणत बसतो, आणि खरा अर्थ असतो की 'मित्र' हा शब्द म्हण आणि आत ये. मराठीत हे दोन्ही एकाच वाक्यात कसे बसवू? मी 'मित्रा' म्हटलं की दुसरा अर्थ मेला, 'मित्र म्हण' म्हटलं की कोडंच उघडं.

---

शब्दवेडी

संबोधनाचा काना हाच घोळ करतोय. 'मित्रा' नका करू. "मित्र असशील तर म्हण आणि ये" असं पण नको, लांब होतं. मी दोन दिवस विचार केला, असं करून बघा: "म्हण मित्र, ये आत." पहिल्यांदा वाचताना 'म्हण' नंतर थांबा, म्हण... मित्र, ये आत. जुन्या कवितेत संबोधनाला काना नसला तरी चालून जातं, ते दारावरचं जुनं कोरीव वाक्य आहे त्यामुळे तिला खटकणार नाही. मग गॅन्डाल्फला उमगतं तेव्हा तेच वाक्य थांबा बदलून वाचा, म्हण मित्र... ये आत. शब्द तेच, दम घ्यायची जागा बदलली. आणि मग 'मेल्लोन' मूळ शब्दच उच्चारा, ती सिंडारिन आहे, दार त्या काळचं जेव्हा ड्वार्फ आणि एल्फ शेजारी होते आणि ड्वार्फांच्या दारावर एल्फांची भाषा कोरलेली चालत होती.

---

रात्रीची_गोष्ट

म्हण मित्र, ये आत. आत्ता तीनदा म्हणून बघितलं किचनमध्ये. जमतंय. उद्या रात्री सांगतो काय झालं ते.